आठवीचा त्रिमितीय आकारांचा प्रकल्प : बडोद्यातली कुठली वास्तू घ्यावी?

बाजवाड्याची आई

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. गणिताच्या टीचरनी गटात करायचा प्रकल्प दिलाय. गावातली एखादी खरी वास्तू निवडायची आणि ती घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, सूची (पिरॅमिड), अर्धगोल असल्या आकारांतून उभी करायची. किमान चार वेगळे आकार हवेत. शिवाय प्रत्येक आकाराची घडण, म्हणजे तो उलगडून सपाट पसरला की कागदावर जी आकृती होते ती, मापांसकट वेगळ्या तक्त्यावर काढायची. थर्माकोल चालणार नाही.

गटात चौघीजणी आहेत आणि चौघींनाही लक्ष्मी विलास पॅलेसच हवाय. मला ते डोंगराएवढं वाटतंय, पण "आई, तुला काय कळतं" म्हटलं की विषय संपतो. इथे वास्तुशास्त्र, गणित, हस्तकला सगळ्यातले जाणकार आहेत म्हणून विचारते. काय घ्यावं? आणि गोल भाग पुठ्ठ्यातून करतात तरी कसे?

सेवउसळ

विश्वामित्री नदीतली मगर करा. त्रिमितीय आहे, स्थानिक आहे, आणि पावसाळ्यात ती स्वतःच शाळेत जमा होईल.

हरणी रोड

@सेवउसळ 😂

ताई, मंगळ बाजाराकडे चक्कर मारा. तयार मॉडेलं मिळतात, नाहीतर सांगितलं तर करूनही देतात. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही तेच केलं. मुलांना आधीच काय कमी असतं का?

रेघोट्या

पोटापाण्यासाठी इमारती काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मी विलास नको. वास्तू भव्य आहे यात वाद नाही. मेजर मँटनं आराखडा केला, त्याच्या अकाली मृत्यूनंतर चिझमनं काम पुढे नेलं आणि १८९० मध्ये वाडा पुरा झाला. पण त्याचं सगळं सौंदर्य झरोके, छत्र्या, कमानी, जाळ्या आणि नक्षीत आहे. मुलींनी तो करायला घेतला की खाली चार खोकी येतील, वर एक मनोरा येईल आणि उरलेला महाल रंगीत प्रिंट काढून चिकटवला जाईल. त्यात भूमिती कुठे राहिली?

निवडताना मुलींना एकच प्रश्न विचारायला सांगा: ही इमारत उलगडता येईल का? समोर उभं राहून डोळ्यांनी तिची पृष्ठं सुटी करून जमिनीवर मांडता आली, तर ती घ्यायची.

या कसोटीला गावातल्या बऱ्याच जागा उतरतात. रावपुऱ्याचा टॉवर (चिमणाबाई क्लॉक टॉवर, १८९६) आहे. मांडवी आहे: चौरस मंडप, प्रत्येक बाजूला तीन कमानी. आर्ट्‌स फॅकल्टीचा घुमट आहे, तोही चिझमचाच, पण तो जरा अवघड प्रकरण आहे. आणि माझं मत विचाराल तर दोनच: सयाजीबागेतलं तारांगण किंवा फतेगंजकडचं ईएमई (लष्कराच्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअर्स दलाचं) मंदिर. तारांगण बाहेरून सरळ सरळ चौरस सूची आहे. ईएमई मंदिर म्हणजे त्रिकोणी पट्ट्यांचा भूमितीय घुमट, वर अॅल्युमिनियमचे पत्रे. १९६६ मध्ये ब्रिगेडियर युजीन यांच्या पुढाकारानं लष्करानं बांधलेलं. गृहस्थ ख्रिस्ती, मंदिर दक्षिणामूर्ती शिवाचं, आणि रूपात सगळ्या धर्मांच्या खुणा. आपल्या गावात असलं काहीतरी आहे याचं बाहेरच्यांना आपल्यापेक्षा जास्त कौतुक असतं.

पाटीपेन्सिल

मी गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. दर वर्षी हाच प्रकल्प देते, म्हणून तपासणाऱ्याच्या खुर्चीतून बोलते.

@हरणी रोड, रागावू नका, पण विकतचं मॉडेल आम्हाला दारातूनच कळतं. मी मॉडेलकडे आधी बघतच नाही, आधी तक्ता मागते. मग एका घडणीवर बोट ठेवून विचारते, "ही कड कुठल्या कडेला जाऊन चिकटते?" ज्यानं कापलंय त्याचा हात आपोआप उत्तराकडे जातो. ज्याच्या काकांनी कापलंय तो छताकडे बघतो.

घनाचंच बघा. सहा चौरस अधिक चिन्हासारखे मांडले की घन होतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण घनाच्या घडणी एकूण ११ आहेत. सहा चौरस कडेला कड लावून मांडायच्या ३५ तऱ्हा निघतात, त्यातल्या फक्त ११ दुमडून घन देतात. मुलांना चौकटीचा कागद द्या आणि शोधायला लावा. पहिल्या पाच-सहा पटापट सापडतात, मग वर्ग शांत होतो, तो मला फार आवडतो. ही ११ चित्रं एका कोपऱ्यात काढली तरी तक्त्याची किंमत वाढते.

तारांगण घ्या असंच मीही म्हणेन. एक धोका सांगून ठेवते. सूचीच्या त्रिकोणाची उंची आणि सूचीची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर वर्षी निम्मा वर्ग इथे घसरतो.

बाजवाड्याची आई

मांडवी सुचवली तर लेक म्हणाली, "ती तर रोजचीच आहे." तारांगणाला मात्र चौघी चक्क तयार झाल्या, बहुतेक बागेत जायला मिळणार म्हणून.

@पाटीपेन्सिल ताई, ते उंचीचं जरा उलगडून सांगाल का? माझं गणित दहावीला थांबलं.

पाटीपेन्सिल

सांगते. समजा मॉडेलचा पाया २४ सेमी बाजूचा चौरस आहे आणि टोक जमिनीपासून १६ सेमी वर हवंय. मुलं काय करतात, २४ पायाचा आणि १६ उंचीचा त्रिकोण काढतात, असे चार कापतात, जोडतात. टोक येतं फक्त साडेदहा सेमीवर. कारण त्रिकोण उभा राहत नाही, तो आत कलतो.

पायाच्या मध्यापासून बाजूच्या मध्यापर्यंत १२, मध्यापासून टोकापर्यंत १६. हा काटकोन त्रिकोण, त्याचा कर्ण २०. म्हणजे कापायच्या त्रिकोणाची उंची २० हवी. पायथागोरस आठवीत येतोच, हे मुलींनाच काढू द्या. बाजूच्या तिरप्या कडा साधारण २३.३ सेमी येतील, त्या मोजून पडताळा घेता येतो.

पाया २४, उंची १६, तिरकस उंची २०. सगळे आकडे पूर्णांकात बसतात, म्हणून मुद्दाम हीच मापं सुचवते.

निवृत्त गणिती

वा! पाटीपेन्सिल बाईंनी १२-१६-२० बरं निवडलं.

मला यात थोडी भर घालायची आहे. तारांगण बाहेरून सूची असलं तरी आत अर्धगोल असतो. आकाश दाखवायचं तर पडदा घुमटाचाच लागतो. मुलींनी सूचीचं एक पृष्ठ बिजागरीसारखं खाली उघडणारं ठेवावं आणि आत घुमट दाखवावा. घुमटाखाली एक बुटकी वृत्तचिती, बाहेर दाराशी इष्टिकाचिती. झाले चार आकार, आणि एकही ओढूनताणून आणलेला नाही.

आता आत केवढा घुमट मावेल, हा खरा प्रश्न. पायाच्या मध्यबिंदूपासून सूचीच्या पृष्ठापर्यंतचं लंब अंतर काढा: १६ गुणिले १२ भागिले २०, म्हणजे ९.६ सेमी. जमिनीवर ठेवलेला अर्धगोल ९.६ त्रिज्येपर्यंत मावतो. खाली वृत्तचिती दिली की जागा कमी होते. ६ सेमी त्रिज्येचा घुमट घेतला तर वृत्तचिती ६ सेमी उंच होईपर्यंत चालतं. तिथे घुमट चारही पृष्ठांना आतून बरोब्बर टेकतो. पुठ्ठ्याची जाडी धरून वृत्तचितीची उंची ५ च ठेवा.

बागेत जातच आहात तर वास्तूची खरी उंचीही काढा. एक मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजायची, त्याच वेळी इमारतीच्या टोकाची सावली मोजायची, मग प्रमाण. फक्त सूचीत एक गंमत आहे. टोक पायाच्या मधोमध असतं, त्यामुळे सावलीचा काही भाग इमारतीच्याच पोटात राहतो. सूर्य एखाद्या बाजूला समोरासमोर असेल तेव्हा मोजा आणि बाहेर दिसणाऱ्या सावलीत पायाची निम्मी लांबी मिळवा. दुपारी बाराला जाऊ नका, सावलीच मिळणार नाही.

सेवउसळ

बाराला गेलात तर सावली मिळणार नाही, चारनंतर गेलात तर पार्किंग मिळणार नाही. आमच्यासारख्या सामान्य जनांच्या वतीने ही माझी गणितातली भर.

पुठ्ठेबहाद्दर

आता आमचा प्रांत. वरच्या दोघांनी डोक्याचं काम केलं, मी हाताचं सांगतो.

पुठ्ठा दोन प्रकारचा घ्या. सपाट पृष्ठांना जाड पुठ्ठा, वळणाऱ्या भागाला कार्डशीट. जाड पुठ्ठ्याची वृत्तचिती करायला गेलात तर ती वळताना ठिकठिकाणी मोडते आणि माप चुकतं, कारण जाडीमुळे बाहेरचा घेर आतल्यापेक्षा वाढतो. विकत आणायची घाई नको. मिठाईची खोकी आणि लग्नपत्रिका प्रत्येक मराठी घरात पलंगाखाली असतात. पत्रिकांचा पुठ्ठा तर फार उत्तम, आणि त्यावरचा गणपती आतल्या बाजूला गेला की पाहुण्यांनाही वाईट वाटत नाही.

घडी. कटरनं अर्धवट कापून दुमडू नका, तिथेच फाटतं. संपलेलं बॉलपेन घ्या, पट्टी धरून दाबून रेघ ओढा, मग दुमडा. कड धारदार येते.

जोडपट्टी. प्रत्येक जोडाच्या दोन कडांपैकी एकीलाच पट्टी द्यायची, एक सेमी रुंद, दोन्ही टोकं तिरपी कापलेली. पट्ट्या कुठे द्यायच्या हे आधी पेन्सिलीनं खुणावून घ्या. मुलं एकतर दोन्ही कडांना देतात नाहीतर कुठेच देत नाहीत.

वृत्तचिती. ६ त्रिज्येला घेर ३७.७ सेमी. म्हणजे ३७.७ बाय ५ चा आयत, वर एक सेमी जोडाला. कार्डशीटलाही धागा असतो, कापडासारखा. दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, एका दिशेनं ते मुकाट वळतं, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतं. मुकाट वळेल तसा आयत आखा. मग टेबलाच्या कडेवरून दोन-तीनदा ओढून घेतलं की ते स्वतःच गोल बसतं.

फेविकॉल थोडा लावा, कपड्यांचे चिमटे लावून ठेवा आणि हात काढून घ्या. लवकर सोडून बघायचा मोह हा या धंद्यातला सर्वांत मोठा शत्रू.

हरणी रोड

बरं बाई, विकतचं नाही सांगत. पण घुमट कसा करणार ते कुणी बोललंच नाही. प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून लावला तर?

पुठ्ठेबहाद्दर

चालेल, दिसेलही छान. पण मग तक्त्यावर त्याची घडण काय काढणार?

निवृत्त गणिती

हाच तो कळीचा प्रश्न. घन, सूची, वृत्तचिती, शंकू हे सगळे सपाट होतात, त्यांची घडण कागदावर तंतोतंत येते. गोलाची येत नाही. कात्री कशीही चालवा, गोलाचा तुकडा ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय सपाट बसत नाही. हे जर्मन गणिती गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं. म्हणूनच पृथ्वीचा कुठलाही सपाट नकाशा कुठेतरी खोटं बोलतो.

तेव्हा मुलींनी तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहावं: अर्धगोलाची अचूक घडण नसते, आम्ही जवळपासची केली आहे. मोसंब्याची साल उभ्या फाकांत सोलतो तशी.

६ सेमी त्रिज्या, १२ फाका. पायथ्याचा घेर ३७.७, म्हणून प्रत्येक फाक पायथ्याला ३.१४ सेमी रुंद. पायथ्यापासून टोकापर्यंत फाकेची लांबी घेराच्या पाव, म्हणजे ९.४२. त्या लांबीचे तीन समान भाग करा. पहिल्या खुणेवर रुंदी २.७२, दुसऱ्यावर १.५७, टोकाला शून्य. बिंदू हलक्या हातानं वक्र रेषेनं जोडा. गंमत बघा, दोन तृतीयांश वर गेल्यावर रुंदी बरोबर निम्मी होते. सरळ रेषेनं जोडलं असतं तर ती निम्मी व्हायला अर्धीच वाट पुरली असती. घुमटाची फुगीरता म्हणजे हाच फरक.

या रुंदी कोज्येतून (त्रिकोणमितीतलं कोसाइन) आल्या आहेत. ती अजून शिकवलेली नसेल, तर आकडे तसेच वापरा. दहावीत भेटेल तेव्हा ओळखीची वाटेल.

रेघोट्या

बाराही फाका पायथ्याशी एका लांब पट्टीला जोडूनच कापा, सुट्या नकोत. पट्टी वृत्तचितीला आतून चिकटते आणि फाका वर येऊन मिळतात. टोकाशी एक रुपयाएवढी गोल चकती. खऱ्या घुमटांतही टोकाला असंच काहीतरी करावं लागतं, तिथे सगळ्या रेषा एकत्र येऊन गर्दी करतात.

घनावर घुमट कसा बसतो हे कुणाला बघायचं असेल तर विजापूरचा गोलघुमट बघा. खाली जवळजवळ घनाकार दालन, वर ४४ मीटर व्यासाचा घुमट, १६५६ चं काम. आर्ट्‌स फॅकल्टीच्या घुमटाचं नातं तिकडेच सांगतात.

फतेगंजकर

धागा उशिरा वाचला. आमचे चिरंजीवही आठवीत, शाळा वेगळी पण प्रकल्प जुळा भाऊ. घराजवळ म्हणून आम्ही ईएमई मंदिर घेतलं. लष्करी हद्द आहे, जाणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोचं गेटवर आधी विचारा.

घुमट पुठ्ठ्याचा न करता काड्यांचा केला. त्रिकोणांची जाळी, जोडांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. ही युक्ती अरविंद गुप्तांची, त्यांची खेळणी पाहिलेल्यांना माहीत असेलच. रेडिअस २० सेमी धरली. काड्या दोनच लांबीच्या लागतात: १०.९ सेमीच्या ३० आणि १२.४ सेमीच्या ३५. जोड २६. हुबेहूब मंदिराची जाळी नव्हे, त्या जातीतला सगळ्यांत साधा घुमट. उभा राहिल्यावर वर दोन पाठ्यपुस्तकं ठेवली, हलला नाही.

आता अडचण. वर्गात ऑयलर या गणितज्ञाचं सूत्र शिकवलंय: पृष्ठं अधिक शिरोबिंदू वजा कडा बरोबर २. चिरंजीवांनी मोजलं. त्रिकोण ४०, शिरोबिंदू २६, कडा ६५. उत्तर येतंय १. तीनदा मोजून झालं, शेवटी मीही मोजलं. तो म्हणतो ऑयलर चुकला. मी म्हणतो तू चुकलास. मध्यस्थी हवी.

सेवउसळ

ऑयलरच्या बाजूनं पन्नास रुपये.

निवृत्त गणिती

पन्नास रुपये सेवउसळ यांना द्या, पण चिरंजीवांची मोजणीही अगदी बरोबर आहे.

ऑयलरचं सूत्र बंद घनाकृतीचं आहे. तुमचा घुमट खालून उघडा आहे. तळाला दहा काड्यांचं कडं आहे ना, ते एक दहा बाजूंचं पृष्ठ धरा. जमीन म्हणा हवं तर. ४१ अधिक २६ वजा ६५ बरोबर २.

म्हणजे उत्तर १ आलं तर समजायचं की कुठेतरी एक भोक आहे. कुठल्याही तंबूला, छत्रीला, उघड्या खोक्याला हे लावून बघा. झाकण नसलेलं खोकं: पृष्ठं ५, शिरोबिंदू ८, कडा १२, उत्तर १. फुटबॉल बंद आहे: १२ पंचकोन, २० षट्कोन, ६० शिरोबिंदू, ९० कडा, उत्तर २.

रेघोट्या

थोडा इतिहास, कारण दोन्ही प्रकल्प इथे एकत्र येतात. अशा त्रिकोणी जाळीच्या घुमटाशी नाव जोडलं जातं अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलरचं, पण त्याच्या आधी १९२० च्या दशकात जर्मनीत येना इथे बाउअर्सफेल्ड या अभियंत्यानं असा घुमट उभा केला होता. कशासाठी? झाइस कंपनीच्या तारांगणासाठी. तेव्हा बाजवाडा आणि फतेगंज, दोन्ही गटांनी एकमेकांचे प्रकल्प बघायला जावं.

फतेगंजकर

चिरंजीवांचा निरोप: "जमीन धरायची हे पुस्तकात का लिहीत नाहीत?" उत्तर माझ्याकडे नाही. तक्त्यावर मात्र आता मोठ्या अक्षरात "जमीन = १ पृष्ठ" लिहिलंय.

बाजवाड्याची आई

किती लिहिलंत सगळ्यांनी! रविवारी बागेत जाऊन आलो. सावली मोजताना दोन आजोबा, एक फुगेवाला आणि एक कुत्रा एवढे मदतीला होते. पाया आणि सूची झाली. त्रिकोणाची उंची २० घ्यायची हे लेकीनं स्वतः काढलं, मी गप्प बसले (कठीण गेलं). घुमटाच्या फाका आज कापतायत.

ऑयलरचं वाचून चौघींनी आपल्या आकारांवरही प्रयोग केला. सूची: ५ अधिक ५ वजा ८, म्हणजे २. इष्टिकाचिती: ६ अधिक ८ वजा १२, म्हणजे २. वृत्तचितीला मात्र पृष्ठं ३, कडा २, शिरोबिंदू शून्य, उत्तर १. आणि ही तर वरून खालून बंद केलीय, भोक कुठेच नाही! @निवृत्त गणिती काका, आता?

पाटीपेन्सिल

हा प्रश्न आला म्हणजे प्रकल्प वसूल झाला. काकांच्या आधी मी थोडं बोलून घेते. पुस्तकातलं सूत्र सपाट पृष्ठांच्या बहुपृष्ठकांसाठीच आहे, वृत्तचिती त्यात बसतच नाही. परीक्षेत एवढंच लिहावं. शंकूला २ पृष्ठं, १ कड, १ शिरोबिंदू धरून उत्तर २ येतं, त्यामुळे मुलांना वाटतं शंकू पाळतो आणि वृत्तचिती पाळत नाही. तो योगायोग समजा.

निवृत्त गणिती

बाई, परीक्षेपुरतं मान्य. पण मुलींनी विचारलंय तर परीक्षेबाहेरचंही सांगतो.

त्यांना म्हणावं, तुम्ही स्वतःच्या हातानं केलेली वृत्तचिती पुन्हा नीट बघा. तिच्या पोटावर एक उभी रेघ आहे. आयत जिथे जोडला ती. ती कड मोजलीत का? त्या रेघेची दोन टोकं, वरच्या आणि खालच्या वर्तुळावरची, ते शिरोबिंदू मोजलेत का? आता मोजा: पृष्ठं ३, शिरोबिंदू २, कडा ३. उत्तर २.

सूत्राला प्रत्येक पृष्ठ असं हवं असतं की ते सुटं करून एका तुकड्यात, भोकाशिवाय पसरता यावं. वक्र पृष्ठ जोडाशिवाय घेतलं तर ते कड्यासारखं राहतं, पसरत नाही. जोडाची रेघ मोजली की ते आयत होतं. शंकूलाही तीच रेघ द्या: पृष्ठं २, शिरोबिंदू २, कडा २. तिथेही २ च.

पुठ्ठेबहाद्दर

म्हणजे ज्या जोडाला आम्ही लपवायला मागे फिरवून ठेवतो, तोच हिशेबात धरायचा!

शंकूचा विषय निघालाच आहे तर. ज्यांच्या वास्तूला शंकू लागेल त्यांनी वर्तुळ कापून अंदाजानं गुंडाळू नका. पायाची त्रिज्या ६, उंची ८ असेल तर तिरकस १०. मग १० त्रिज्येचं वर्तुळ आखून त्यातली २१६ अंशांची पाकळी घ्यायची. सहा भागिले दहा गुणिले ३६०. जोडपट्टीला वर पाच-सात अंश जास्त.

हरणी रोड

मी आपली वाचतेय. धाकटी पुढच्या वर्षी आठवीत जाईल, हा धागा जपून ठेवलाय. मंगळ बाजारातून यंदा फक्त कार्डशीट आणीन.

एक मात्र विचारते, जमा कसं करायचं? चोवीस सेमीची सूची ठीक आहे, पण फतेगंजकरांचा चाळीस सेमीचा घुमट अॅक्टिव्हावर कसा नेणार?

फतेगंजकर

आम्ही सोडवून नेतोय. वरचा भाग अखंड, खालचं कडं सुटं. काड्या लांबीनुसार दोन रबरबँडमध्ये, ट्यूबचे तुकडे डबीत. वर्गात पुन्हा जोडायचं. चिरंजीवांनी घरी घड्याळ लावून सराव केलाय आणि बाईंसमोरच जोडून दाखवणार म्हणतोय.

पुठ्ठेबहाद्दर

ट्यूबचे थोडे जास्तीचे तुकडे द्या. ताणून ताणून दोन-चार फाटतातच. आणि @बाजवाड्याची आई, तुमची सूची पायाला कायमची चिकटवू नका. पाया, घुमट आणि सूची तीन सुटे भाग ठेवा. खोक्यात आधी पाया, त्यावर घुमट, वर सूची झाकण म्हणून. रिक्षा करा, पावसाचं सांगता येत नाही.